रांग बघायला किल्ली कशाला लागते?

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सात वाजता एक मुलगा माझ्या दारात उभा राहिला. तिसरी पाळी संपवून थेट आला होता. अंगात कंपनीचा टी-शर्ट, पायात सेफ्टी शूज तसेच. त्याचे वडील आणि मी एकाच आळीत वाढलो. ते पिंपरीला फिटर होते, आता निवृत्त. पोरानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि महाळुंगे भागातल्या एका पुरवठादाराकडे रात्रपाळीचा 'आयटी सपोर्ट' म्हणून कंत्राटावर लागला. "काका, मला काढलं," एवढंच म्हणाला. मग चहा होईपर्यंत गप्प.

झालं होतं ते असं. चाकणच्या मोठ्या कारखान्यांचं काम कसं चालतं हे तुमच्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गाडीची बॉडी रंगून बाहेर पडली की लाईनवर कुठली गाडी कुठल्या क्रमानं जाणार हे ठरतं, आणि तो क्रम पुरवठादाराकडे संदेश म्हणून जातो. पुढची गाडी अमुक रंगाची, तमुक मॉडेलची, तिला असा असा भाग. पुरवठादार त्याच क्रमानं ट्रॉली भरतो आणि गाडी सोडतो. साठा करून ठेवायचा नाही. संदेश आला की माल निघाला, असा तो सगळा हिशेब.

हे संदेश पुरवठादाराच्या सर्व्हरवर येतात आणि तिथे एका रांगेत उभे राहतात. इंग्रजीत त्याला मेसेज क्यू म्हणतात, शॉपफ्लोअरवर नुसतं 'क्यू'. एका बाजूनं संदेश आत येतो, दुसऱ्या बाजूनं लेबल छापणारा प्रोग्राम एकेक उचलतो. छापणारा थांबला तरी संदेश हरवत नाहीत, रांगेत थांबतात. रांग ठेवायची ती त्यासाठीच.

त्या रात्री पावणेदोनला लेबलं यायची थांबली. प्रिंटरमध्ये कागद होता, नेटवर्क चालू होतं. डिस्पॅचचा सुपरवायझर येऊन विचारतो, "किती मागे पडलोय?" म्हणजे रांगेत किती संदेश थांबलेत. एक आकडा. पोरानं रांग दाखवायची कमांड दिली. मशीन म्हणालं, तुला परवानगी नाही. आकडा बघायलाही रूट लागत होता.

रूट म्हणजे लिनक्स मशीनवरचा सर्वाधिकारी. त्याला कुणी नाही म्हणत नाही. त्याचा पासवर्ड होता बाहेरच्या कंत्राटी इंजिनिअरकडे. पाचव्या फोनला त्यानं उचलला. झोपेत होता. म्हणाला, "पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. ते बंद कर, रीसेट कर, परत चालू कर." पोरानं शब्दशः तेच केलं. बंद केलं, रीसेट केलं, चालू केलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये रीसेटचा अर्थ 'पुन्हा चालू कर' असा नाही. रीसेट म्हणजे आज नवीन बसवल्यासारखं कोरं कर. रांगा गेल्या, त्यात थांबलेले संदेश गेले, वापरणाऱ्यांची खाती गेली. सॉफ्टवेअरनं काही चुकीचं केलं नाही, सांगितलं तेच केलं. गिऱ्हाइकाची लाईन थांबली, डेबिट नोट लागली आणि सहा वाजता पोराला सांगितलं की उद्यापासून येऊ नको.

नंतर कळलं की नुसता लेबल छापणारा प्रोग्राम अडकला होता. तो बाजूच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवर होता. तेवढा बंद करून चालू केला असता तर रांगेतले सगळे संदेश एकामागून एक छापून आले असते.

जाताना तो म्हणाला, "माझं नाव नको काका, पण बघायला एवढी मोठी किल्ली का लागते, हे कुणीतरी लिहा."

मी कॉम्प्युटरचा माणूस नाही. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. जाणकारांना विचारत गेलो, वाचत गेलो, आणि हाती लागला तो बराचसा इतिहास. त्यातला काही आपल्या दारातला आहे.

दारातलाच आधी सांगतो. चाकणचा किल्ला, संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर लोकांनिशी शायिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने अडवून धरलं, हे आपण शाळेत शिकतो. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर अधिकार कसे वाटलेले होते, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही. सभासदाच्या बखरीत ते नोंदलेलं आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत, तिघंही बरोबरीच्या दर्जाचे, आणि कोठारासाठी कारखानीस वेगळा. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे. हजेरी आणि हिशेब सबनीसाकडे. म्हणजे गडावर माणसं किती, हे ज्याला रोज ठाऊक असायचं त्याच्या हातात दरवाजा नव्हता, आणि ज्याच्या हातात दरवाजा होता त्याची हजेरी दुसरा कुणी लिहीत होता. एकट्यानं फितूर होऊन गड द्यायचा म्हटलं तर ते सोपं राहू नये, असा त्यात हेतू.

पेशवाईत हाच विचार जिल्ह्यांच्या कारभारात दिसतो. मामलेदाराच्या कचेरीत मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, चिटणीस वगैरे दरखदार असायचे. त्यांना सरकारनं नेमलेलं, मामलेदार त्यांना काढू शकत नसे. कागदावर त्यांचे शेरे लागायचे. मामलेदारानं काही गैर केलं तर ते पुण्याला कळवायची वाट त्यांच्यामार्फत होती. त्यांच्याकडे हुकूम देण्याची सत्ता नव्हती, बघण्याचा आणि लिहिण्याचा हक्क होता. आता ही व्यवस्था पुढे वतनदारीत कशी सडली हा वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

आता तीनशे वर्षं आणि एक महासागर ओलांडून अमेरिकेत. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. आजचं लिनक्स त्याच वळणाचं. युनिक्समध्ये प्रत्येक वापरणाऱ्याला एक क्रमांक असतो, आणि ज्याचा क्रमांक शून्य तो रूट. मशीन त्याच्यापुढे कुठलीही परवानगी तपासतच नाही. बाकीच्यांना आपापल्या फायलींपुरतं राज्य. मधली पायरी जवळजवळ नाहीच. एक राजा आणि बाकी सगळी रयत, सबनीस कुठेच नाही.

ही अडचण त्यांना लगेच जाणवली. साध्या माणसाला एखादं विशिष्ट काम तर करता आलं पाहिजे, पण त्याला राजा करायचं नाही. रिची यांनी त्यावर तोड काढली. प्रोग्रामच्या फाईलवर एक खूण करायची, की हा प्रोग्राम कुणीही चालवला तरी तो मालकाच्या अधिकारानं चालेल. त्याला सेट-यूआयडी म्हणतात. १९७३ ला पेटंटसाठी अर्ज केला, १९७९ ला ते मिळालं आणि पुढे बेल लॅब्जनं ते सगळ्यांसाठी मोकळं सोडलं. तोड हुशारीची होती, पण तिची सवय वाईट लागली. परवानगी अडली की लोक प्रोग्रामलाच रूट करून मोकळे व्हायला लागले.

माझ्या पोराच्या प्रश्नाचं जुनं रूप मला सापडलं ते इथेच. युनिक्समध्ये 'पीएस' नावाची कमांड आहे. मशीनवर आत्ता कोणते प्रोग्राम चालू आहेत त्याची यादी ती दाखवते. नुसती यादी. पण सुरुवातीच्या काळात ती यादी मिळवायला पीएस थेट मशीनच्या गाभ्याची मेमरी उघडून वाचायची. त्या मेमरीत सगळ्यांची सगळी गुपितं. म्हणून ती साध्या माणसाला बंद, आणि म्हणून पीएसला खास अधिकार देणं भाग. घरात किती माणसं आहेत ते मोजायला देवघर आणि तिजोरी दोन्ही उघडण्यासारखं.

१९८४ साली बेल लॅब्जच्याच टॉम किलियन यांनी वेगळा मार्ग काढला. चालू प्रोग्राम हे फायलींसारखे दिसतील अशी एक जागा मशीनमध्ये करायची, आणि कुणाला काय वाचता येईल हे फायलीच्या नेहमीच्या परवानग्यांवरच ठरवायचं. ती कल्पना पुढे लिनक्समध्ये जास्त पसरली. आज तुम्ही कुठल्याही लिनक्स मशीनवर पीएस म्हणा, रूट लागत नाही. यादी मशीनच बाहेर मांडून ठेवतं, तुम्ही वाचता. गाभ्याला हात लागत नाही.

या सगळ्याला तत्त्व म्हणून शब्दांत मांडलं होतं जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी, १९७५ च्या एका निबंधात. ज्याला जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार. त्याच निबंधात दुसरं एक तत्त्व होतं, की महत्त्वाचं कुलूप दोन किल्ल्यांचं असावं आणि त्या दोन हातांत असाव्यात. मी ते वाचलं तेव्हा मला गडावरचा हवालदार आणि सबनीसच आठवले. त्यांना आपल्या गडांची माहिती असण्याचं काही कारण नव्हतं, तरी.

तत्त्व १९७५ चं. महाळुंग्यातली रात्र गेल्या वर्षीची. मधल्या पन्नास वर्षांत काय झालं?

झालं असं, की संदेशांच्या रांगा वेगळ्या वाटेनं आल्या. त्या वाटेवर दोन मराठी माणसं भेटतात.

पहिले विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. एमआयटीत शिकले. कॉम्प्युटरच्या आत 'बस' नावाची एक सामाईक वाट असते, वेगवेगळी कार्डं तिच्यात खोचली की एकमेकांशी बोलू लागतात. मग वेगवेगळ्या प्रोग्रामसाठी तशीच बस का नको, असा त्यांचा प्रश्न. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि ही बस बांधली. गोल्डमन सॅक्स हे त्यांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एक. तोवर शेअरदलालाच्या टेबलावर भावांचा, बातम्यांचा, सौद्यांचा असे वेगवेगळे पडदे असायचे. आता ज्याला जे हवं त्यानं त्या विषयाचं नाव सांगायचं आणि कान लावायचा, बातमी आली की त्याच्यापर्यंत पोचणार. १९९४ ला रॉयटर्सनं ती कंपनी घेतली, १९९७ ला त्यातून टिब्को उभी राहिली.

आयबीएमनं १९९३ साली आपली रांग आणली, एमक्यू सिरीज. बँका, विमा, मोठे कारखाने यांनी ती उचलली. तिच्यात एक गोष्ट मला फार आवडली. रांगेत संदेश टाकण्याची परवानगी वेगळी, उचलण्याची वेगळी, आणि न उचलता नुसतं चाळून बघण्याची वेगळी. रांगेची माहिती विचारण्याची आणखी वेगळी. म्हणजे सबनीसाची जागा त्यांनी आखून ठेवली होती. तरी मला भेटलेल्या दोन-तीन जुन्या माणसांनी सांगितलं की प्रत्यक्षात घाईच्या वेळी प्रत्येकाला सरळ मुख्य कारभाऱ्यांच्या गटातच घातलं जायचं. कोण बसून एकेक परवानगी देणार? काम चालू आहे ना, मग झालं.

पोराच्या सर्व्हरवर होती ती मात्र तिसरी, रॅबिटएमक्यू. फुकट मिळते, लहान पुरवठादारांना परवडते. तिची कुळकथा अशी. २००३ ला जेपी मॉर्गन चेस बँकेत जॉन ओहारा यांनी ठरवलं की संदेशांची भाषा कुण्या एका कंपनीच्या मालकीची नको, सगळ्यांना खुली हवी. त्या खुल्या भाषेवर लंडनमध्ये २००७ ला रॅबिट उभी राहिली, आणि ती लिहिली एर्लँग नावाच्या भाषेत. ही एर्लँग स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास जन्मली, टेलिफोन एक्स्चेंजसाठी.

गोम इथे आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये यंत्रं एका मालकाची, एका कुलूपबंद खोलीत. त्यांनी एकमेकांना ओळखायचं कसं? तर एक गुप्त शब्द ठरवायचा. त्याला कुकी म्हणतात. ज्याच्याकडे तो शब्द, तो घरचा. आणि घरच्याला मग काहीच मनाई नाही. फक्त बघणारा घरचा, फक्त हिशेब ठेवणारा घरचा, असले भेद त्या शब्दात नाहीत. एक्स्चेंजच्या खोलीत ते चालून जात होतं.

रॅबिटनं तीच पद्धत वारशात घेतली. तो गुप्त शब्द सर्व्हरवर एका फायलीत असतो आणि ती फाईल फक्त तिच्या मालकालाच वाचता येते, म्हणजे रॅबिटच्या स्वतःच्या खात्याला. आणि रूटला अर्थातच, त्याला काहीच बंद नसतं. कमांड लाईनवरून रांगेची लांबी विचारणारा प्रोग्राम आधी ती फाईल वाचतो. म्हणून 'किती थांबलेत' एवढं विचारायलाही रूट लागतो किंवा रॅबिटचं खातं. आणि एकदा तो शब्द हातात आला की त्याच तोंडानं 'सगळं कोरं कर' असंही म्हणता येतं. पोराला मशीननं नाही म्हटलं ते बरोबरच होतं. चूक ही, की विचारायची दुसरी खिडकी कुणी उघडूनच ठेवली नव्हती.

कारण दुसरी खिडकी होती. रॅबिटबरोबरच एक जोड येतो, तो चालू केला की ब्राउझरमधून किंवा छोट्या प्रोग्राममधून सगळी माहिती दिसते. तिथे आत शिरायला लिनक्सचं खातंच लागत नाही, रॅबिटचं आपलं वेगळं नाव आणि पासवर्ड. त्या नावाला एक शिक्का मारता येतो, 'मॉनिटरिंग'. म्हणजे हा देखरेखीचा माणूस. रांगा किती, प्रत्येकीत संदेश किती, उचलणारे किती जण जोडलेले आहेत, मशीनची मेमरी किती भरली, सगळं याला दिसतं. रांगांवरची परवानगी त्याला कोरी ठेवायची, म्हणजे टाकता येत नाही, उचलता येत नाही, पुसता येत नाही. ही खिडकी १५६७२ क्रमांकाच्या पोर्टवर उघडते. युनिक्सच्या परंपरेत १०२४ च्या खालची पोर्ट रूटसाठी राखीव, हा क्रमांक त्याच्या कितीतरी वर. तेव्हा तीही अडचण नाही.

पोराच्या जागी जर ही खिडकी असती, तर पावणेदोनला त्यानं पडद्यावर दोन आकडे पाहिले असते. थांबलेले संदेश वाढताहेत, आणि उचलणारे, शून्य. उचलणारे शून्य म्हणजे रांग ठणठणीत आहे, छापणारा प्रोग्राम बघा. दोन मिनिटांचं काम.

दुसरं मराठी नाव नेहा नारखेडे यांचं. पुण्यात वाढल्या, पीआयसीटीत शिकल्या, मग जॉर्जिया टेक. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स आणि जुन राव यांच्याबरोबर त्यांनी काफ्का तयार केली. २०११ ला ती सगळ्यांसाठी खुली झाली. २०१४ ला तिघांनी कॉन्फ्लुएंट काढली, २०२१ ला ती शेअरबाजारात आली. आज जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांत संदेश वाहण्याचं काम काफ्का करते. नाव लेखक फ्रान्झ काफ्काचं. जाता जाता, हा लेखक दिवसा प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत नोकरीला होता, कारखान्यांतल्या अपघातांची प्रकरणं बघायचा. भोसरी-चाकणला त्याच्यासारखा माणूस आजही हवा आहे.

काफ्कामधली रांग वेगळ्या स्वभावाची. संदेश उचलला म्हणून तो रांगेतून जात नाही, वहीत लिहिल्यासारखा मुदत संपेपर्यंत राहतो. वाचणारा कुठपर्यंत आलाय तेवढी खूण ठेवली जाते. देखरेख करणाऱ्यानं वहीचं शेवटचं पान आणि वाचणाऱ्याची खूण यांतलं अंतर मोजायचं. रांगेला धक्का लागत नाही. पण इथेही मौज बघा. सुरुवातीची काही वर्षं काफ्काला दारच नव्हतं. ज्याला नेटवर्कवरून तिच्यापर्यंत पोचता आलं त्यानं वाचावं, लिहावं. ओळख विचारणं आणि परवानग्या देणं आलं २०१५ च्या नोव्हेंबरात. तेव्हापासून 'फक्त वर्णन बघू दे, मजकूर नको' अशी वेगळी परवानगी तिच्यात आहे. वहीत किती पानं झाली ते सांगा, पानावर काय लिहिलंय ते नको. पुरवठादाराच्या दृष्टीनं ही बारीक गोष्ट नाही. कुठल्या मॉडेलच्या किती गाड्या लाईनवर आहेत ही गिऱ्हाइकाची माहिती असते.

"हे सगळं ठीक, पण एका पोरानं रीसेट मारलं म्हणून एवढं?" असं कुणी म्हणेल. म्हणून देखरेखीच्या माणसाला सगळ्या किल्ल्या दिल्या की काय होतं याचे दोन मोठे दाखले.

२०२० चा डिसेंबर. सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीचं ओरायन हे सॉफ्टवेअर, काम नेटवर्कवर देखरेख. हल्लेखोर त्याच्या अपडेटमध्येच घुसले. ते अपडेट सुमारे १८,००० गिऱ्हाइकांपर्यंत गेलं, त्यात अमेरिकी सरकारची खाती होती. सगळ्या यंत्रांकडे बघायचं म्हणून ओरायनला ठिकठिकाणी मोठे अधिकार दिलेले असत. चोरानं तिजोऱ्या शोधायच्या कशाला, पहारेकऱ्याच्या कमरेलाच जुडगा होता.

दुसरा १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक. इथे चोर कुणीच नव्हता. पहारा देणाऱ्या सॉफ्टवेअरला विंडोजच्या अगदी गाभ्यात बसवलेलं, आणि त्याला आलेलं एक अपडेट सदोष. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख यंत्रं कोसळली. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

आणि संदेशांकडे नीट लक्ष नसलं की काय होतं ते पुण्यानं २०१८ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. कॉसमॉस बँक. एटीएममधून येणारे संदेश बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे न जाता मध्येच एका खोट्या स्विचनं उचलले आणि तिथूनच 'द्या पैसे' अशी उत्तरं गेली. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत ९४ कोटींवर रक्कम गेली, बरीचशी २८ देशांतल्या एटीएममधून. त्या प्रकरणाची तुलना मी एका रीसेटशी करत नाही. संदेशांची वाट बाहेरून मोजणारा, त्या वाटेवर कसलाच अधिकार नसलेला एक स्वतंत्र डोळा किती मोलाचा असतो, एवढंच त्यावरून दिसतं.

आपल्या भागाचं म्हणाल, तर १९५४ ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली तेव्हापासून पिंपरीत कारखान्याच्या गेटवर पद्धत काय आहे? वॉचमन आत-बाहेर जाणारा प्रत्येक ट्रक लिहितो. चलन बघतो, वेळ टाकतो, सही घेतो. त्याच्याकडे स्टोअरची किल्ली नसते आणि ती असावी असं कुठल्याही मॅनेजरला वाटत नाही. पुढे एमआयडीसी झाली, १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महापालिका. २००९-१० च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा आले आणि त्यांच्या मागे शेकडो पुरवठादार. चलनाच्या जागी संदेश आला. कागदाच्या काळात जे गेटवर प्रत्येकाला कळत होतं, ते सर्व्हर रूमच्या दाराशी आल्यावर आपण कसं विसरलो, याचं मला खरंच नवल वाटतं. थोडंफार उत्तर पैशात आहे. लहान पुरवठादार पूर्णवेळ जाणकार ठेवू शकत नाही. बाहेरचा इंजिनिअर एकदा येतो, सगळं रूटनं बसवतो, चालू झालं की बिल लावतो. रात्री तिथे कोण बसणार, त्याला काय दिसायला हवं, हा प्रश्न ऑर्डरमध्ये लिहिलेलाच नसतो.

मी त्या पुरवठादाराच्या मालकांना भेटलो. नाव छापणार नाही या अटीवर बोलले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "साहेब, डेबिट नोट मी भरली, पोराचं वाईट मलाही वाटलं, पण जबाबदारी कुणावर तरी टाकायला लागते ना?" मी विचारलं, पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याचं काय? तो अजून त्यांच्याकडेच आहे. सगळं त्यालाच माहीत, त्याला कसं काढणार.

पण त्याच भेटीत त्यांनी मला डिस्पॅचमध्ये नेलं. भिंतीवर एक जुना टीव्ही लावलाय. त्यावर तीन रांगांची नावं, समोर आकडे. थांबलेले किती, उचलणारे किती. उचलणारे शून्य झाले की ओळ लाल होते. हे दाखवणाऱ्या प्रोग्रामला वेगळं खातं आहे, फक्त बघायचं. रूट नाही. त्याच इंजिनिअरनं एका दुपारी करून दिलं, सॉफ्टवेअर फुकट, खर्च टीव्हीच्या स्टँडचा. आम्ही उभे होतो तेव्हा ट्रॉली ढकलणारा एक कामगार थांबला, आकडा बघितला आणि आतल्याला ओरडून म्हणाला, "बारा बाकी, चल लवकर."

पोरगा आता रांजणगावला दुसरीकडे लागलाय, तिथेही रात्रपाळीच. परवा त्याचा फोन आला होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं साहेबांकडे बघण्यापुरत्या खात्याची मागणी लेखी दिली म्हणे. साहेबांनी विचारलं, "रूट देतो की, हे कशाला?" त्यानं नको म्हणून सांगितलं. अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर आहे.